पेरांवरची लव

रविवार, ८ नोव्हेंबर १९८७
पेडणे

पाच महिने नऊ दिवस या वहीत एक अक्षरही लिहिले नाही, त्याबद्दल वहीची, म्हणजे माझीच, माफी मागते. शेवटचे पान तीस मेचे आहे. गोवा घटक राज्य झाले त्या संध्याकाळी दोन पाने भरली होती आणि खाली ‘उरलेले उद्या’ असे लिहून ठेवले होते. कारणे द्यायची तर सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन, सहामाहीचे पेपर, गळणारे स्वयंपाकघर अशी बरीच देता येतील. खरे कारण वेगळे आहे. राजभाषेच्या वादात मराठीच्या बाजूने मी वर्षभर इतकी पत्रके लिहिली की पुढे स्वतःच्या अक्षराचाच कंटाळा आला. जे लिहिले ते सगळे मला पटलेले होते का, हे तपासायची भीतीही वाटत असावी.

आज लिहायला निमित्त झाले ते गवताचे. सकाळी देवळीवाड्याचे बाबली आले. मोरजीच्या वाटेवर नदीकाठी हा वाडा आहे, आणि तिथल्या शेतकरी मंडळाचे ते अध्यक्ष. खांद्यावर ओले गोणपाट, त्यात गवताची मोळी. ती त्यांनी आमच्या सारवलेल्या अंगणात टाकली.

“बाई, हें कितें तें आमकां सांगा. पाट पुराय आडायलां. उदक हालना.”

पावसाचे पाणी शेतातून नदीत नेणारा त्यांचा एकच पाट आहे. तो या गवताने भरला आहे. पाणी उतरले नाही तर उन्हाळी भाताची, वायंगणाची, लावणी होणार नाही, आणि सोळा घरांचे वर्षाचे अर्धे तांदूळ त्यावर. पाटाच्या कडेला गावाच्या सामायिक जमिनीचा एक पट्टा आहे. तिथे पद्मावती नावाची बाई गुरांसाठी गवत राखते, तिथूनच हे पसरले असे मंडळाचे म्हणणे. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांकडे अर्ज द्यायचा आहे, त्याला कुणा जाणकाराचा कागद जोडायला हवा. तालुक्यात वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली त्यांच्या माहितीतली मी एकटी.

“म्हशींक बरें लागता,” जाता जाता बाबली म्हणाले, “पूण खंय लायत तें सोडिना.”

म्हशींना आवडते, पण एकदा लावले की जागा सोडत नाही: गवताविषयी त्यांना बरीच माहिती दिसली. असा जागरूक अध्यक्ष मंडळाला मिळाला हे चांगले.

सोमवार, ९ नोव्हेंबर

काल दुपार सगळी गवतात गेली. कोल्हापूरला शिकताना घेतलेले पुस्तक काढले, त्याला कसर लागली आहे. भिंग मात्र शाबूत आहे. काडी पोकळ. जमिनीला टेकेल त्या प्रत्येक पेराला मुळे. पेरांवर दाट पांढरी लव, बोट फिरवले तर जुन्या मखमलीसारखी लागते. पानाच्या म्यानावरही केस. तुऱ्याच्या फांद्या बाजूला पसरलेल्या.

पॅरा गवत. मूळ आफ्रिकेतले, तिथून जहाजांबरोबर ब्राझीलला गेले, आणि चाऱ्यासाठी म्हणून माणसांनीच जगभर नेले. पाणथळ जागा मिळाली की एका पेराचे शंभर करते.

इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. अठरा वर्षे मुलांना जास्वंदीचे फूल कापून दाखवते आहे. गवते कोणी विचारत नाही. शाळेसाठी ‘आपल्या पाणथळीतील परकी गवते’ असा सुकवलेल्या नमुन्यांचा संग्रह करावा असे मनात आले आहे. पॅरा पहिले.

बुधवार, ११ नोव्हेंबर

नुसत्या मोळीवरून लिहू नये, त्या बाईचेही ऐकावे, म्हणून शाळा सुटल्यावर देवळीवाड्यावर गेले. पोचायला पाच वाजले. परतीची बस पावणेसहाची. पट्ट्यापर्यंत गुडघाभर चिखल होता आणि माझ्या पायात दिवाळीतल्या चपला. बांधावरून पाहिले, पाट आणि पट्टा दोन्ही हिरवेगार, एकच गालिचा.

पद्मावती दारातच भेटली. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान असेल. माहेर आरोंद्याकडचे, नवरा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर, पंधरा दिवसांनी घरी येतो. दोन गाई, एक म्हैस. दूध मोरजीच्या चहावाल्यांना जाते. फेब्रुवारीनंतर सगळीकडचे गवत करपते, तेव्हा या पट्ट्यावरच गुरे जगतात, असे तिने स्वतःच सांगितले.

मी सरळ विचारले, “पाटाकडचं गवत तुम्ही लावलंत का?”

“तण? होय तर. मियाच लायलंय. माहेराकडसून गड्डे हाडलंय, बारा वर्सां झाली.”

“पण आता पाट भरला त्याने.”

“भरलो तो खरो,” ती म्हणाली, “पण तण बगा कसां झालां. फाल्गुनात येवा, तेवाय असांच हिरवां.”

मला तिचे कौतुक वाटले. दुसरी कोणी असती तर नाही म्हणाली असती. चहात साखर इतकी घातली होती की घसा अजून गोड आहे.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

अहवाल लिहून बाबलींकडे पाठवला. पाऊण पानाला तीन तास लागले. ‘सदर गवत परदेशी असून उपद्रवी आहे.’ ‘उपद्रवी’ की ‘आक्रमक’, यावर बराच वेळ गेला. शेवटचे वाक्य असे: ‘सदर तण आपणच लावल्याचे श्रीमती पद्मावती यांनी मोकळेपणाने सांगितले.’ आधी ‘मान्य केले’ होते, ते आरोपासारखे वाटले म्हणून ‘सांगितले’ केले. ‘गवत’ हा शब्द वरच्या ओळीत दोनदा आला होता, म्हणून खाली ‘तण’ घातला. शिवाय तो तिचाच शब्द.

ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, “कोर्टात द्यायला हरकत नाही.” त्यात थट्टा किती होती कळले नाही.

शनिवार, २८ नोव्हेंबर

मधल्या सुटीत पद्मावती शाळेत आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. तिला वाचता येत नाही. वाड्यावर कुणाला तरी दाखवला तर तो म्हणाला, ‘पेडण्याच्या बाईंनाच विचार, त्यांच्या कागदावरून आलाय.’

कचेरीचा आदेश होता. मी मोठ्याने वाचला. ‘सामायिक जमिनीत तण लावून पाट बुजवल्याचे आपण स्वतः सांगितल्यावरून’ तिने बारा डिसेंबरच्या आत तो पट्टा साफ करून मंडळाच्या ताब्यात द्यावा. पुढे तिचा त्यावर काही संबंध राहणार नाही.

ती ऐकत होती. नंतर म्हणाली, “तण लायलंय तां खरांच. पण तण लावल्यार पट्टो काढतत? मगे गुरांनी काय खावचां?”

मी आदेश पुन्हा वरपासून वाचू लागले.

“तुमी बरांच लिवलां असतलां, बाई. साहेबाक वाचूक येवक नाय.”

तिचा आवाज चढला नव्हता. आदेशातले ते वाक्य माझ्याच अहवालातून आले आहे हे तिला कसे सांगू? मी म्हटले, “पण पाटातलं गवत तुम्ही लावलेलंच ना?”

“पाटातला?” तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी वर्गात एखाद्या मुलीकडे पाहते. “पाटातला खाजणारां. तां हाताक लागला तर दोन दिस चरचरता. माजां तण वेगळां. तुमी बगूक नाय?”

घंटा झाली. मी पाहिले नव्हते.

रविवार, २९ नोव्हेंबर

सकाळच्या बसने गेले. अनवाणी उतरले. पद्मावतीबरोबर शेजारची यशोदा होती, साठीची, कमरेला कोयती.

पट्ट्यातली एक काडी पद्मावतीने नखाने चिरून माझ्या हातात दिली. आत भेंडासारखा पांढरा, मऊ गाभा भरलेला. पेरे गुळगुळीत, लवेचा मागमूस नाही. तुरा उंदराच्या शेपटीसारखा सरळ. मग पाटातली काडी. पोकळ, केसाळ. दोन्ही एका हातात धरल्यावर शेंबड्या पोरालाही कळेल इतका फरक. बांधावरून एकच गालिचा वाटला होता तो मला.

हेही नीट लिहून ठेवले पाहिजे: पट्टा आणि पाट यांच्यामध्ये हातभर रुंदीची उघडी माती आहे, टोकापासून टोकापर्यंत. मी विचारले ही कसली. पद्मावती म्हणाली, दर आठवड्याला ती स्वतः कोयतीने तासते, नाहीतर ‘खाजणारां’ आत येईल. म्हणजे ज्या बाईने ते गवत पसरवले म्हणून मी लिहून दिले, ती एकटीच ते थोपवून धरत होती. तिचा पट्टा काढून घेतला तर पुढच्या पावसात पॅरा थेट शेतात.

बाबलींनी माझ्याकडे आणलेली मोळी पाटातली होती, त्यामुळे गवत मी बरोबर ओळखले होते. ते कुणाचे आहे हे मात्र मी न बघता लिहिले.

मग आले कुठून, हे बघायला पाटाच्या काठाने वर गेले. जितके वर जावे तितके दाट. सगळ्यात दाट, माझ्या डोक्याएवढे उंच, वरच्या टोकाला, बाबलींच्या गोठ्याच्या मागच्या कुडाखाली.

“थंय नाका वचूं, बाई,” यशोदा मागून म्हणाली. “थंय बाबल्याची गोबराची फोंड. पांय भरतले.”

“शेणाचा खड्डा असला तर असू दे, पाय भरलेलेच आहेत,” मी म्हटले. त्या दोघी एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या साडीची दशा पाहून कोणीही हसले असते.

बाबलींना हे लवकर सांगायला हवे. त्यांच्या अगदी दारापर्यंत येऊन ठेपले आहे, बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.

सोमवार, ३० नोव्हेंबर

पाहिले नाही ही एक चूक. पण आदेशात तिच्याच तोंडची कबुली कशी आली, हे कालपासून सुटत नव्हते. ती खोटे बोलली नाही, मी खोटे लिहिले नाही.

आज सहावीचे निबंध तपासत होते. ‘माझा आवडता प्राणी.’ एका मुलीने लिहिले होते, ‘आमची गाय तण खाते.’ मी लाल शाईने ‘तण’ खोडून वर ‘गवत’ लिहिले, हात सवयीने पुढे गेला, आणि तिथेच थांबला.

तण म्हणजे पिकाच्या मुळावर येणारे, उपटून टाकायचे. पुस्तकात, कचेरीत, माझ्या मराठीत. पद्मावतीच्या तोंडी तण म्हणजे गवत. कुठलेही. गाय खाते ते. कारापूरला, माहेरी, माझ्या आईने ‘गे, गोरवांक तण घाल’ असे म्हटले नाही असा एक दिवस गेला नाही, आणि तण घालणारी मीच होते. तिथे नको असलेल्या वाढीला ‘रान’ म्हणत. भातात रान आले म्हणत.

मी तिला विचारले गवत, ती म्हणाली तण, मी लिहिले तण, साहेबांनी वाचले तण. तिघांनी चार वेळा एकच गोष्ट म्हटली असे मला वाटले होते.

ह्यांना सांगितले. हे वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, “म्हणजे ती बिचारी गवत लावलं म्हणून कबूल झाली होय?” मग वर्तमानपत्र खाली ठेवले.

खोडलेला शब्द निबंधात हिरव्या शाईने परत लिहिला. पेपरावर तीन रंग झाले. मुलगी काय समजेल कोण जाणे.

मंगळवार, १ डिसेंबर

चूक कळली, पण ती सुधारायला आज काही केले नाही. फक्त भीती वाटली. आता सगळ्यांना सांगावे लागणार. मराठीसाठी भाषणे करणाऱ्या बाईने स्वतःच्या आईचा शब्द चुकवला. ही भीती पद्मावतीच्या गुरांसाठी किती आणि माझ्या अब्रूसाठी किती, हे तोलून पाहिले. उत्तर इथे लिहीत नाही.

बुधवार, २ डिसेंबर

सुविधाला सांगितले. आमच्या शाळेत ती गणित शिकवते. कोकणीच्या मोर्चात पहिल्या रांगेत होती. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही ‘खडू आहे का’ याच्या पलीकडे बोललो नव्हतो. पण असा शब्द नेमका कसा मांडावा हे तिच्याशिवाय विचारणार कुणाला?

ऐकून घेतले तिने. मी टोमण्याची वाट पाहत होते.

“तण म्हळ्यार तण, गो शालिनीबाय,” ती म्हणाली. “तुज्या मराठींत वचून बिचारें गुन्यांवकार जालें.”

माझ्या मराठीत जाऊन तण गुन्हेगार! मला हसू आले, मग तिलाही आले, आणि दोघींनाही आवरेना. हेडमास्तर दारातून डोकावून गेले. नंतर तिने माझ्याबरोबर बसून नवा कागद केला. जिथे गवत तिथे गवत, आणि ‘स्थानिक बोलीत तण म्हणजे गवत, निंदून काढायची वनस्पती नव्हे’ हे एक वाक्य वेगळे. ‘पहिल्या अहवालातील चूक माझी आहे’ हे मी लिहिले. ‘सर्वस्वी’ हा शब्द मी घातला होता, तो तिने काढला. म्हणाली, चूक एकदा सांगितली की पुरे, तिला दागिने घालू नकोस.

गुरुवार, ३ डिसेंबर

अर्धी रजा काढून कचेरीत. दोन्ही गवते ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. साहेब तरुण आहेत, घाटावरचे. बोलत असतानाच त्यांनी खिशातली सुरी काढून दोन्ही काड्या चिरल्या, गाभा नखाने उकरून पाहिला, पेरांवर अंगठा फिरवला. “आमच्या बाजूला हे मऊ गवत नाही,” म्हणाले. ‘तण’चे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. “मला हे कसं कळावं, बाई?” त्यांचे बरोबर होते. मी म्हटले, “तुम्हाला कळायला नको होतं. मला हवं होतं.”

आदेश मागे घेता येईल. पण अर्ज मंडळाचा होता, तेव्हा नव्या अहवालावर अध्यक्षांची सही हवी. मुदत बारा तारखेची.

म्हणजे आता सगळे बाबलींवर. त्यांनी नाही म्हटले तर? लोकांसमोर त्यांनीच पद्मावतीचे नाव घेतले होते. माझ्यासारखेच तेही माणूस आहेत, आपला शब्द मागे घेणे कुणाला आवडते?

शनिवार, ५ डिसेंबर

बाबलींकडे जाऊन आले. ओसरीवर बसून सगळा अहवाल वाचून दाखवला. पद्मावतीच्या पट्ट्यातले गवत वेगळे आहे, हे त्यांनी ऐकून घेतले. ‘तण’चे वाक्य आल्यावर मान हलवली, “खरें तें.” मग हे वाक्य आले: ‘पॅरा गवताचा उगम पाटाच्या वरच्या टोकाला असून तेथून ते पाण्याबरोबर खाली आल्याचे दिसते.’

ते एकदम सरळ बसले.

“गोठ्याचें नांव बरयलां?”

“नाही. ‘वरच्या टोकाला’ एवढंच लिहिलंय. अधिक स्पष्ट हवं तर घालते.”

“नाका, नाका,” ते घाईने म्हणाले. “वरचें तोंक बरें आसा. पेन खंय?”

मी किती भीत होते, आणि सही अर्ध्या मिनिटात झाली. मी आभार मानू लागले, तर त्यांनी हात जोडून मलाच थांबवले. वर म्हणाले, पाट उपसायला कचेरी पाठवणार त्या मशीनची वाट कशाला बघायची, उद्या आयतवार आहे, उद्याच सगळ्यांना घेऊन उपटू या. इतका मोठेपणा मी त्यांच्यात धरला नव्हता, याची लाज वाटली. घरी येऊन ह्यांना सांगितले. हे हसले आणि म्हणाले, “गोठा कुणाचा म्हणालीस?” मी पुन्हा सांगितले. ते आणखी हसले. ह्यांना हल्ली कशाचेही हसू येते.

रविवार, ६ डिसेंबर

सोळा घरांतून वीसेक माणसे आली होती. काम सुरू होण्याआधी मी सगळ्यांसमोर माफी मागायची ठरवून गेले होते. काल रात्रीच चार वाक्ये पाठ केली होती. बांधावर उभी राहून पहिले वाक्य म्हटले, “माझ्या हातून एक चूक झाली आहे.”

“तें जावं दी, बाई,” यशोदा खालून म्हणाली. “ती कोयती म्हजेकडेन दी पळोवया.”

मी कोयती दिली. बाकीची तीन वाक्ये तशीच राहिली. कुणी मागितली नाहीत.

बाबलींनी वरच्या टोकापासून सुरुवात केली, आपल्या गोठ्याच्या मागून, स्वतः गळ्याएवढ्या गवतात शिरून. कुठे जुने गड्डे आहेत, कुठली मुळे दगडाखाली गेली आहेत, सगळे त्यांना न शोधता सापडत होते. पद्मावती कमरेवर हात ठेवून बघत होती.

“बाबलीदादाक वाट बरी म्हायत असा,” ती म्हणाली.

“कित्याक म्हायत आसची ना?” यशोदा म्हणाली. “घरचींच न्हय तीं?”

लोक इतके हसले की दोघांना बांधावर बसावे लागले. बाबली गवतातून म्हणाले, “हाता-पायांनी काम करा गो, तोंडान नाका.” पण तेही हसत होते. मीही हसले. एवढा मोठा माणूस आणि आपली थट्टा ऐकून घेतो, हे मला आवडले.

मला एकच काम दिले होते: उपटलेल्या गवताचा एकही तुकडा पाण्यात पडू द्यायचा नाही. प्रत्येक पेर म्हणजे एक नवे गवत. पडलेले तुकडे बाल्दीत गोळा करून वर जांभ्याच्या कातळावर उन्हात पसरायचे. दिवसभर केले. मनगटापर्यंत हात चरचरत आहेत. पद्मावतीने खोबरेल लावून दिले आणि म्हणाली, “आता तुमकां म्हायत झालां.”

चारच्या सुमारास पाणी हलले. आधी कुणाला कळलेच नाही. एक सुकलेले पान पाटातून सरकत गेले, मग दुसरे. बाबली पाण्यात उभे होते, त्यांच्या पायांभोवती भोवरा झाला. सगळे ते पान नदीकडे जाईपर्यंत बघत राहिले. पावणेसहाची बस चुकली. बाबलींनी मोटारसायकलवरून पेडण्यापर्यंत सोडले. वाटेत दोनदा म्हणाले, “बाई, तुमी बरें बरयलें.”

मंगळवार, ८ डिसेंबर

हात अजून लाल. वर्गात खडू धरवत नाही. सुविधाने माझा एक तास घेतला.

गुरुवार, १० डिसेंबर

नवा आदेश आला. पट्टा पद्मावतीकडे पूर्वीप्रमाणे. एवढेच नाही, खाली साहेबांच्या हातची ओळ आहे: कडेची उघडी माती राखल्याबद्दल मंडळाने तिला पाटाच्या साफसफाईत सवलत द्यावी.

शाळा सुटल्यावर कागद घेऊन गेले. ती दूध काढत होती. म्हैस बिचकू नये म्हणून मी जरा लांब उभी राहिले आणि वाचून दाखवला. या वेळी कागदावरची भाषा वाचली नाही, कागदात काय आहे ते तिच्या बोलीत सांगितले. जमेल तसे. दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केले, लाल शाई न वापरता.

“पट्टो तुजो,” मी शेवटी म्हटले.

“तां माका म्हायत होतां,” ती म्हणाली. तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि कपाळ तिच्या कुशीला टेकवून बराच वेळ तशीच बसून राहिली. दूध काढणारे हात थांबले होते. मग पुन्हा धारांचा आवाज सुरू झाला.

लावणी सोमवारपासून आहे. वाफ्यात रोपे वीतभर झाली आहेत. परतताना बांधावरून पुन्हा पाहिले. पाटात आता उघडे पाणी, पलीकडे तिचा हिरवा पट्टा, मधे मातीची रेघ. बसमध्ये डोळा लागला, आणि कंडक्टरने उठवले तेव्हा मी हसत होते म्हणे.

संध्याकाळी नमुने कागदावर चिकटवायला घेतले. संग्रहाचे नाव बदलावे लागेल, कारण त्यात आता एक परके नसलेलेही आहे. पॅराची चिठ्ठी पुरी झाली. दुसरीवर जागा, तारीख, गाभा, पेरे, गोळा करणारीचे नाव म्हणून ‘पद्मावती’, सगळे लिहिले. शास्त्रीय नाव शोधते आहे, ते कधी ना कधी सापडेलच. ‘स्थानिक नाव’ या रकान्याशी येऊन अडले. ‘तण’ लिहिणार होते. पण तण तर सगळेच. महिनाभर मी तिच्या दारात जाते आहे, तिचे गवत भिंगाखाली धरले, चिरले, दोन सरकारी कागदांवर नेले, आणि हे एक विचारलेच नाही.

उद्या: तिच्या गवताचे नाव काय, ते पद्मावतीला विचारणे.